जेम्स क्रेग : बोट लागते ती हेड्सच्या तोंडाशी

“काका, काळजीच करू नका, बंदरातल्या बंदरात फिरवून आणतात,” असे सिडनीतल्या एका मराठी घरी जेवताना मला सांगण्यात आले आणि त्या एका वाक्यावर विसंबून मी ‘जेम्स क्रेग’ या १८७४ सालच्या शिडाच्या मालवाहू जहाजाची दोन तिकिटे काढली. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचसारखे काहीतरी, फक्त जरा जुने, अशी माझी कल्पना झाली होती. ती साफ चुकीची होती. जेम्स क्रेग बंदरात घुटमळत नाही. नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांमधून ते बाहेर पडते आणि उघड्या टास्मन समुद्रात जाते. मला माहिती देणारा तरुण स्वतः कधीच गेला नव्हता, हे मला नंतर कळले. धक्क्याला बांधलेले जहाज त्याने एका रविवारी चढून पाहिले होते आणि उरलेली सफर मनानेच पुरी केली होती.

पुढे लिहिले आहे ते धडधाकट माणसासाठी आहे. खाली जाण्याचा जिना जहाज हलत असताना उतरता येतो, अंगात वारा अडवणारे जाकीट आहे, पायात रबरी तळव्याचे बंद बूट आहेत आणि टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी आहे, हे मी धरून चालतो. राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांनी मात्र त्या जोरावर फुशारू नये. मीही त्यांतलाच आहे. पायांतल्या बळाचा आणि कानाच्या आत बसलेल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा काडीचाही संबंध नाही, हे मला साडेअकराच्या सुमारास समजले.

आधी वाटेतल्या लुबाडणुकीविषयी सांगतो, कारण ती पूर्णपणे टाळता येते. जहाज पिरमाँट येथे, सागरी संग्रहालयाच्या शेजारी ‘व्हार्फ सेव्हन’ या धक्क्याला उभे असते. आम्ही मुलाची गाडी घेऊन गेलो आणि जवळच्या एका खासगी वाहनतळात ती लावली. तिथल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला दर फक्त आधी नोंदणी करणाऱ्यांसाठी होता, आणि हे खाली बारीक अक्षरांत छापले होते. संध्याकाळी बाहेर पडताना यंत्राने पासष्ट डॉलर मागितले. तक्रार ऐकायला तिथे माणूस नव्हता, नुसता अडसर होता. गाडी नेऊ नका. सेंट्रल स्थानकाहून लाइट रेल ‘पिरमाँट बे’ थांब्यावर सोडते, तिथून धक्का चालत दोन-तीन मिनिटांवर आहे, आणि सर्क्युलर की येथून ‘पिरमाँट बे’ धक्क्याला फेरीबोटही येते. जहाजाचे तिकीट महाग आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. दीडशे वर्षांचे लोखंड पाण्यावर तरंगत ठेवायला काय खर्च येत असेल, हे डेकवर पाऊल टाकताच दिसते, आणि जहाज चालवणारी बहुतेक माणसे तर बिनपगारी स्वयंसेवक आहेत. वाहनतळाचे पासष्ट डॉलर मात्र अजून सलतात.

जहाजाची ओळख थोडी करून द्यायला हवी, नाहीतर आपण कशावर उभे आहोत हे कळत नाही. इंग्लंडातल्या संडरलंड येथे १८७४ मध्ये ते ‘क्लॅन मॅक्लिऑड’ या नावाने पाण्यात उतरले. सांगाडा आणि कवच लोखंडाचे, डोलकाठ्या तीन. पुढच्या दोन काठ्यांना आडवी परबाणे, म्हणजे शीड टांगायचे वासे, आणि त्यांवर चौकोनी शिडे, तर सर्वांत मागच्या काठीवर जहाजाच्या लांबीला धरून लावलेली शिडे. या रचनेला बार्क म्हणतात, आणि तिची लोकप्रियता सौंदर्यामुळे नव्हे, तर पगारखर्चामुळे होती, कारण मागच्या काठीवर चढायला माणसे लागत नाहीत. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडल्यावर चीनच्या चहाची वाहतूक आगबोटींनी पटकावली होती, तरी नवी शिडाची जहाजे बांधली जात होती. कोळसा, धान्य, लोकर, खतासाठी लागणारे नायट्रेट असा घाई नसलेला आणि जड माल जगाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, तर वाटेत आगबोटीला कोळसा भरून घ्यावा लागतो, आणि वारा फुकट मिळतो. याच हिशेबावर हे जहाज कार्डिफचा कोळसा घेऊन पेरूतल्या काल्याओला पहिल्या सफरीवर गेले आणि पुढच्या २६ वर्षांत त्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या, वादळांसाठी बदनाम असलेल्या केप हॉर्नला २३ वेळा वळसा घातला.

१९०० मध्ये ते ऑकलंडच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतले आणि १९०५ मध्ये त्याचे नाव बदलून जेम्स क्रेग झाले. नंतरची कहाणी उतरणीची आहे: न्यू गिनीत सुक्या खोबऱ्याचे तरंगते कोठार, पहिल्या महायुद्धानंतर जहाजांचा तुटवडा पडल्यामुळे काही काळ पुन्हा शिडे, आणि शेवटी टास्मानियातल्या रेशर्श उपसागरात कोळसा साठवायची वखार. दोर तुटून ते किनाऱ्याला लागले तेव्हा पुन्हा वाहवत जाऊ नये म्हणून त्याच्या मागच्या बाजूला स्फोटाने भोक पाडण्यात आले. त्याच अवस्थेत ते कित्येक वर्षे पडून होते. १९७२ मध्ये सिडनीच्या स्वयंसेवकांनी ते भोक बुजवून जहाज तरंगवले, १९८१ मध्ये सिडनीला आणले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला पुन्हा शिडे चढली. आता त्यात डिझेल इंजिनेही आहेत. ही इंजिनांची गोष्ट लक्षात ठेवा. माझी फजिती तिथूनच सुरू होते.

मार्च महिना होता. ऊन स्वच्छ होते आणि फोनवरच्या अंदाजात वारा अगदी मंद दाखवला होता, म्हणून मी खूश होतो. पूल, ऑपेरा हाउस, फोर्ट डेनिसन हे सर्व यथास्थित आले आणि गेले. त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत. चहा-बिस्किटे मिळाली. मी तीन बिस्किटे खाल्ली, ती खायला नको होती.

सर्क्युलर की येथे एक पांढरे अवाढव्य प्रवासी जहाज लागले होते, ते पाहून सुचलेली एक गोष्ट मात्र सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच धक्क्याला पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या आगबोटी लागत, आणि त्यांच्या डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी होते, तर प्रवाशांना वाढणारे गोव्याचे. म्हणजे आपली माणसे या बंदरात आली ती बहुतांशी शिडाच्या जहाजांचा धंदा बुडवणाऱ्या आगबोटींवरून. धक्क्यावरच्या संग्रहालयात जाणाऱ्याने हे मनात ठेवून पाहावे.

आता तो पट्टा. वॉटसन्स बे मागे पडल्यावर उजव्या हाताला साउथ हेडच्या टोकावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हॉर्नबी दीपगृहाचा मनोरा दिसू लागतो. २० ऑगस्ट १८५७ च्या रात्री इंग्लंडहून आलेले ‘डनबार’ हे शिडाचे जहाज याच मुखाचा अंदाज चुकून थोडे दक्षिणेला कड्यावर आपटले. १२२ जणांपैकी एकच माणूस वाचला, आणि त्यानंतर पुढच्याच वर्षी हे दीपगृह उभे राहिले. एक स्वयंसेवक आजोबा हे सांगत होते. मी ऐकत होतो, आणि मग ऐकेनासा झालो.

झाले असे, की आदल्या दोन दिवसांत दक्षिणेचा जोरदार वारा वाहून गेला होता. वारा पडला, पण त्याने उठवलेल्या लाटा राहिल्या. फेस नसलेल्या, गुळगुळीत, एकामागोमाग सावकाश येणाऱ्या अशा लांबट लाटेला तिथले लोक ‘स्वेल’ म्हणतात. हेड्सच्या तोंडाशी ती लाट समोरून येते, कड्याला धडकून मागे फिरलेली लाट बाजूने येते, आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. जहाज तेव्हा इंजिनावर चाललेले असते आणि शिडे गुंडाळलेली असतात. शीड वाऱ्याने भरले, की ते जहाजाला एका बाजूला थोडे कलते करून घट्ट धरून ठेवते. शीडच नसेल, तर उंच डोलकाठ्या लंबकासारख्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे झुलत राहतात. म्हणून वादळापाठोपाठ येणारी शांत हवा जुन्या कप्तानांना नकोशी असे. जहाज नुसतेच लोळत राही, शिडे फटाफट आपटून फाटत आणि दोर घासून झिजत. मी मंद वारा पाहून खूश झालो होतो, तो नेमका याच कारणासाठी वाईट दिवस होता.

मला बोट लागली. जवळजवळ पन्नास मिनिटे मी वाऱ्याच्या उलट बाजूच्या कठड्याला धरून होतो, आणि त्या अवधीत केप हॉर्नचे २३ वळसे आठवून मला धीर आला नाही, उलट ते घालणाऱ्या माणसांचा रागच आला. बायको तोंड धुवायला खाली गेली आणि दोन मिनिटांत पांढरीफटक होऊन वर आली. खाली जाऊ नका. हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे: स्वच्छतागृहाचे काम बंदरात असतानाच उरकून घ्या, कारण क्षितिज दिसेनासे झाल्यावर पोट ऐकत नाही.

यातून निघालेले नियम असे. निघण्याआधी नुसत्या वाऱ्याच्या अंदाजावर थांबू नका. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या किनारी अंदाजात लाटेची उंची वेगळी दिलेली असते, ती पाहा. दीड मीटरपर्यंत कोणीही जावे. दोन मीटरच्या पुढे आणि वारा नाही, असे दिसले तर ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी शक्य असल्यास तारीख बदलून घ्यावी. सफरी रोज नसतात, तारखा आधीच ठरलेल्या असतात आणि तिकिटाचे पैसे कोणत्या परिस्थितीत परत मिळतात हे काढण्यापूर्वीच वाचावे. गोळी घेणार असाल, तर औषधवाल्याला विचारून जहाज सुटण्याच्या पुरेशी आधी घ्या. पोटात ढवळू लागल्यावर घेतलेली गोळी समुद्राला अर्पण होते. उपाशी जाऊ नका आणि बटाटेवडे खाऊनही जाऊ नका. कोरडी पोळी किंवा भाकरी उत्तम. आलेपाक आम्ही नेला होता, त्याने तोंडाला चव आली, बाकी काही झाले नाही. उभे राहायचे ते मधल्या डोलकाठीच्या आसपास, कारण नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, जहाज सर्वांत जास्त वर-खाली होते. छायाचित्रासाठी नाळेवर धावणारे सर्वजण मला थोड्याच वेळात कठड्यापाशी भेटले.

बाराच्या पुढे ईशान्येचा वारा सुटला आणि शिडे सोडण्याचा हुकूम झाला. प्रवाशांनाही दोर ओढायला बोलावतात. मला हलवतही नव्हते, तरी एका स्वयंसेवक बाईंनी माझ्या हातात दोर दिला, आणि आरोळीबरोबर सर्वांनी एकदम ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे असे सुरू झाले. आपल्याकडे रापण ओढताना जी लय असते तीच. वर परबाण कुरकुरत फिरले, कापड एकदा फडफडले, मग फुगले आणि ताठ झाले. इंजिन बंद झाले.

आणि झुलणे थांबले. कमी झाले असे मी म्हणत नाही, थांबले. जहाज एका कुशीवर किंचित कलले आणि तिथेच टेकून चालू लागले. लाट तीच होती. दहा मिनिटांत माझे पोट जागेवर आले आणि मी जेवणाची चौकशी केली. या तासाभरासाठी मी पुन्हा पैसे मोजीन. पाण्याचा आवाज, दोरांचा ताण, आणि शेकडो टनांचे जहाज फक्त कापडाच्या जोरावर पुढे जात आहे हे तळव्यांना कळणे. हे सर्व लिहिताना मी कदाचित वाहवत असेन, पण त्या अवस्थेत मी बायकोला केप हॉर्नला जाऊ या असेही म्हणालो होतो, तेव्हा वाचकांनी त्यातले थोडे वजा करावे.

दोर ओढायला हातमोजे न्या. माझ्या तळहातांना दोन फोड आले. अंगठी काढून ठेवा. लहान मुलांना नेऊ नये असे माझे मत आहे. वयस्क माणसांनी, गुडघे दुखत असतील तर, धक्क्याला बांधलेले जहाज चढून पाहावे. त्यात सगळे दिसते, फक्त शीड भरल्यावर जहाज कसे स्थिरावते ते कळत नाही.

परत येताना पुन्हा तेच मुख लागले, पण वारा मागून होता आणि शिडे वर होती, त्यामुळे मी तो पट्टा उभ्या-उभ्या सँडविच खात पार केला. त्या रात्री पलंग हलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करतानाही न्हाणीघराची फरशी अधूनमधून डावीकडे झुकत होती, तेव्हा सफरीच्या दुसऱ्या दिवशी परतीचे विमान ठेवू नका. मला माहिती देणाऱ्या तरुणाला मी फोन केला. त्याने मोठ्या उत्सुकतेने सर्व ऐकून घेतले आणि गाडी कुठे लावली होती, असे विचारले.