आमची वाटचाल : सिस्टर गेल्या, वह्या राहिल्या

पुण्यात नर्सिंग ब्युरो गल्लोगल्ली आहेत. आमचा फक्त न्यूरोच्या, म्हणजे मेंदू, नसा आणि स्नायूंच्या आजारांच्या पेशंटचा: मायस्थेनिया (स्नायू पटकन थकतात), जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात), एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), एनएमओ (डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जूचा आजार). बाळंतपणाची आणि नुसती सोबतीची कामं आम्ही घेत नाही, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. मधली वर्षं बरी गेली.

सांगायचं आहे ते जानेवारी 2025 चं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची साथ आली. संशयित रुग्ण 200 च्या वर गेले. आयसीयूतून ट्रॅकिओस्टॉमीसह, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीसह, घरी आलेल्यांना हात बसलेली माणसं हवी होती, आणि नेमक्या त्याच वेळी एका ॲपवाल्या कंपनीनं आमच्या निम्म्या सिस्टर जवळजवळ दुप्पट पगारावर उचलल्या. जाहिरातीत ‘न्यूरो-प्रशिक्षित’. प्रशिक्षण कुणाचं, ते छापलं नव्हतं! आमच्या ड्यूट्या उघड्या पडल्या, ॲडव्हान्स परत मागणारे दारात आले. ब्युरो बंद व्हायचाच.

तगलो ते कोथरूडच्या काकूंमुळे. मायस्थेनियाच्या जुन्या पेशंट, आमच्या पहिल्या काही घरांपैकी एक. त्यांनी पुढच्या महिन्यांचे पैसे आधी दिले आणि नव्या मुलींना त्यांच्याच घरी शिकू दिलं.

शिकवायचं काय, तर वही. आमच्या चार्टवर ऑक्सिजनच्या आधीचा रकाना आकड्यांचा असतो. पेशंटनं खोल श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात, सेकंदाला साधारण दोनच्या वेगानं, मोठ्यानं मोजायचं. धडधाकट माणूस 50 च्या आसपास जातो. काल 35 आणि आज 20 च्या खाली, तर ऑक्सिमीटर 97 दाखवत असला तरी डॉक्टरांना फोन आणि हॉस्पिटलची तयारी. श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा ऑक्सिजन सगळ्यात शेवटी घसरतो. त्याची वाट बघणाऱ्याला उशीर झालेलाच असतो. सोबत उशीवरून मान उचलता येते का, आवाज नाकातून येतो का, लाळ गिळली जाते का, तेही लिहायचं.

मायस्थेनियाची गोळी, पायरिडोस्टिग्मिन, जेवणाआधी 30 ते 45 मिनिटं. घास चावायच्या वेळी जोर हवा, जेवून झाल्यावर नव्हे. अशक्तपणा वाटला म्हणून मनानं जादा गोळी देऊ नका: लाळ, जुलाब, पोटात मुरडा सुरू झाला तर डोस जास्त होतोय, आणि तसाही माणूस गळून जातो. काही औषधांनी मायस्थेनियाचा अशक्तपणा वाढतो, म्हणून औषधाच्या डब्यावर लाल अक्षरात आम्ही चिकटवतो: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, मॅग्नेशियमचं इंजेक्शन – न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सर्दी-तापाला गल्लीतल्या दवाखान्यात जाताना तो डबाच सोबत न्या.

सक्शनचं, म्हणजे गळ्यातल्या नळीतला स्राव मशीननं ओढून काढण्याचं म्हणाल, तर 8 नंबरच्या गळ्यातल्या ट्यूबला 12 फ्रेंचचा (फ्रेंच हे जाडीचं माप) कॅथेटर, म्हणजे ओढायची बारीक नळी. आत जाताना सक्शन बंद, बाहेर काढताना चालू, एका वेळी 10 ते 15 सेकंद. जीबीएसमध्ये एक डोळा नाडीवर, कारण सक्शन करताना ती एकदम खाली येऊ शकते. आली की लगेच थांबा, ऑक्सिजन द्या. गुरुवारी लाईट जाणारच, पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून बॅटरीचं मशीन आणि त्याच्याही खाली पायानं चालणारा पंप. लोक पंपाला हसतात. हसू द्या. ॲम्बू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, उशाशी टांगलेली हवी, कपाटात ठेवू नका.

कफचं (छातीतला कफ नव्हे, गळ्यातल्या नळीभोवती आत फुगवलेला फुगा) प्रेशर 20 ते 30 सेंटीमीटर पाणी, तेही गेज, म्हणजे प्रेशर मोजायचं यंत्र, लावून. त्या कंपनीचा ‘प्रशिक्षित’ ब्रदर पायलट बलून, म्हणजे त्या कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा, बोटांनी दाबून ‘ठीक आहे’ लिहीत होता. ते घर नंतर आमच्याकडे आलं, तेव्हा चार्ट पाहिला. कमी प्रेशरला लाळ फुफ्फुसात उतरते, जास्तीला श्वासनलिकेला आतून जखम होते. बोटाला यातलं काही कळत नाही.

एक आगाऊ सल्ला, दुसऱ्या ब्युरोवाल्यांना: आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध, घरी लावायचं काम घेऊ नका. सुरुवात अगदी हळू, पहिल्या तासात दर 15 मिनिटांनी बीपी आणि ताप, बाटली हलवली की फेस, आणि रिॲक्शन आली तर घरात तुमच्याकडे असतं काय? पैसे चांगले मिळतात, माहीत आहे.

गेलेल्यांपैकी काही जणी आता परत येऊ म्हणतात. घेतो. आधी गेज हातात देऊन रीडिंग घ्यायला लावतो, आणि पगार जुनाच देतो.