कपाटातली वाटी

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी तपकिरी आणि हिरवे असे दोन प्रकारचे हायड्रा, म्हणजे गोड्या पाण्यातले इवलेसे प्राणी, सांभाळते. दोघांनाही आर्टेमिया या कोळंबीसारख्या छोट्या जलचराची ताजी पिल्ले भरवावी लागतात. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हे काम कोणी करायचे याबाबत आमच्यातच गैरसमज झाला आणि तीन आठवडे तिकडे कोणी फिरकले नाही.

दार उघडले तेव्हा खिडकीजवळच्या वाटीतले तपकिरी हायड्रा शोधायला भिंग लागले. उरलेसुरले आखडून ठिपक्याएवढे झाले होते. शेजारच्या वाटीतले हिरवे मात्र, थोडे रोडावले असले तरी, संस्पर्शक, म्हणजे तोंडाभोवतीचे धाग्यांसारखे अवयव, पसरून उजेडाच्या बाजूला गोळा झालेले होते. इथवर मला नवल वाटले नाही, कारण हिरव्या हायड्राच्या अंतःस्तरातील, म्हणजे शरीराच्या आतल्या थरातील, पेशींत क्लोरेला ही एकपेशीय शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या साखरेतला, मुख्यतः माल्टोजचा, वाटा त्याला देतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीतच होते.

थबकले ते कपाट उघडल्यावर. हिरव्यांचीच एक वाटी कोणीतरी आत सरकवून ठेवली होती आणि त्यातले हायड्रा फिकट पडून तपकिऱ्यांइतकेच खंगले होते. जात तीच, पाणी तेच, उपासही तेवढाच. नव्हता तो फक्त उजेड. त्यातला एक काचपट्टीवर हलकेच दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींच्या तळाशी एरवी दाटीने बसलेले हिरवे कण विरळ झाले होते, पण नाहीसे झाले नव्हते.

अर्थात मोजदाद नसलेल्या अपघाताला मी प्रयोग म्हणणार नाही. ते काम मस्कॅटिन आणि लेनहॉफ या शास्त्रज्ञांनी 1963 सालीच नीट केले होते: रोज पोटभर खाऊ घातले तर शैवाल असलेल्या आणि नसलेल्या हायड्रांच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, उपासमारीत मात्र हिरवे अधिक तगतात, असे त्यांना दिसले, शिवाय शैवालाने बांधलेला कार्बन प्राण्याच्या शरीरात उतरतो, हेही त्यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने दाखवले.

“मॅडम, मग ही वनस्पतीच का नाही?” एका विद्यार्थिनीने विचारले. हीच शंका 1740 साली हेगजवळ मुलांची शिकवणी करणाऱ्या अब्राहम ट्रेम्ब्ले यांना आली होती, आणि कापल्यावर वनस्पती पुन्हा वाढते, प्राणी नाही, अशा समजुतीने तिचा निकाल लावण्यासाठी त्यांनी हिरवा हायड्रा कापून पाहिला, तर दोन्ही तुकड्यांचे पूर्ण प्राणी झाले!

कपाटातली वाटी मी त्याच दिवशी खिडकीत आणली. जे वाचले ते हळूहळू पुन्हा हिरवे झाले, आणि पुढे त्यांतल्या एकाच्या कडेला कलिका, म्हणजे नव्या हायड्राचा कोंब, फुटली, तीही पहिल्यापासूनच हिरवी.