केसांचा दोर, गाडीचे बंपर आणि शीला गौडा

बंगळुरूच्या कलाकार शीला गौडांचं 'बिहोल्ड' हे काम लांबून बघितलं तर कुणीतरी भिंतीवर काळ्या शाईने मनसोक्त रेघोट्या मारल्यात असंच वाटतं. कुठे दाट गिचमिड, कुठे एखादी रेघ नुसतीच लोंबतेय, खाली जमिनीवर ढीग. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात मीही आधी तसंच बघत होते, कंपोझिशन वगैरे, मग जवळ गेले आणि अंगावर काटाच आला कारण ते केस आहेत. माणसांचे, देवाला वाहिलेले. जवळपास चार किलोमीटर दोर आणि त्यावर टांगलेले गाड्यांचे वीसेक स्टीलचे बंपर.

हे आलं बंगळुरूच्या रस्त्यावरून. तिकडे काही बाधा होऊ नये म्हणून गाडीच्या बंपरला असा दोर गुंडाळतात, आपण लिंबू-मिरची बांधतो ना तसंच. देवळात उतरवलेले लांब केस विगवाल्यांकडे जातात आणि उरलेल्या आखूड केसांचे हे दोर वळतात, म्हणजे श्रद्धा, धंदा, भीती सगळं एकाच दोरात, आणि बाई त्यावर काही भाष्यबिष्य न करता सरळ त्यालाच बंपरचं वजन पेलायला लावतात.

दोराला स्वतःचा आकार नसतो, त्यामुळे जागा बदलली की काम नव्याने लावावं लागतं. 'अँड टेल हिम ऑफ माय पेन'चंही तेच, सुयांमधून ओवलेले दोरे, कुंकवाने लालभडक माखलेले, टोकाला सुयांचा झुपका. ते काम मी फक्त फोटोत बघितलंय, पण प्रत्येक फोटोत त्याची वळणं वेगळी.

पण माझं सगळ्यात आवडतं 'स्टॉपओव्हर', २०१२ च्या पहिल्या कोची बिएनालेतलं (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन), नवरा क्रिस्टॉफ स्टॉर्झसोबत केलेलं. मिक्सर आले, जुनी घरं पाडली, आणि स्वयंपाकघरातले वाटणाचे मोठाले दगड रस्त्यावर आले, कारण ज्याची पूजा केली तो दगड फोडायचा कसा, म्हणून लोक नुसते कडेला ठेवून देतात. असे १७० दगड बंगळुरूहून कोचीला आणून ॲस्पिनवॉल हाऊसमध्ये मांडले, तेही पार बाहेर धक्क्यापर्यंत. हेच चौकोनी ग्रॅनाइट पांढऱ्या गॅलरीत ठेवले असते तर अमेरिकन मिनिमलिझम (म्हणजे साधे भौमितिक आकार, बाकी काही नाही) म्हणून आरामात खपले असते (आणि कॅटलॉगमध्ये 'फॉर्म'वर चार पानं आली असती). पण ही वास्तू एका जुन्या ब्रिटिश व्यापारी कंपनीची, मसाल्याचा व्यापार करणारी, समोर पाणी, तिथे वाटणाचे दगड असे निघाल्यासारखे पडलेत म्हटल्यावर त्यांना नुसते ठोकळे म्हणायला जीभ रेटत नाही.

एक मैत्रीण म्हणते की कामाशेजारची माहितीची पाटी वाचली नाही तर यातलं काय कळणार, नुसत्या रेघा आणि दगडच ना. मला नाही पटत. नवस, नजर वगैरे पाटीशिवाय नाही कळणार, कबूल, पण केस केसच दिसतात आणि त्यांच्यावर लटकलेलं लोखंड जड आहे हे कळायला पाटी कशाला लागते?