हलकं हवं, हलायला नको

फोर्टातल्या बोरा बाजारात, दुपारच्या पेंगुळलेल्या वेळी, दुकानदाराने कॅमेऱ्याचा मिटलेला ट्रायपॉड करंगळीवर तोलून दाखवला. "बघा साहेब, वजनच नाही!" भाच्याचे डोळे चमकले आणि मला धडकी भरली. काउंटरवर वजन नसणं हा गुण असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, टाकलेला रुमाल परत आणून देतो. तिथे हा करंगळीवाला किती वेळ उभा राहील?

"मामा, पण बारा किलो पेलतो. डब्यावर लिहिलंय."

पेलत असेल. प्रत्येक कंपनी हे बारा किलो आपापल्या पद्धतीने मोजते, आणि पेलणं वेगळं, न हलणं वेगळं. मी डब्यावरचं वाचतच नाही. पाय पूर्ण उघडायचे, वर तळहात ठेवून दोन्ही बाजूंना जरासा पीळ द्यायचा, मग एका पायावर टिचकी मारून थरथर किती वेळ टिकते ते बघायचं. दुकानदारांना हे आवडत नाही. याने तर पंखा बंद करायचं नाटक केलं, म्हणे त्याच्या वाऱ्यानेच हलतोय.

पाच घड्यांचे पाय हा अलीकडचा मोह. मिटला की सॅकमध्ये गडप होतो, एसटीत शेजाऱ्याच्या गुडघ्याला लागत नाही, सगळं खरं. पण प्रत्येक घडीला आतली नळी बारीक होत जाते आणि शेवटची उदबत्तीला लाज आणेल अशी निघते. त्यापेक्षा तीन घड्यांचा, फार तर चार. उघडतानाही वरच्या जाड नळ्या आधी, बारीक सर्वांत शेवटी आणि गरज असेल तरच. लोक नेमके खालून सुरुवात करतात.

मधल्या दांड्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. पाय अर्धेच उघडायचे आणि दांडा सर्रकन वर ओढून कॅमेरा डोळ्यांपाशी आणायचा, हे बघितलं की माझं डोकं फिरतं. तीन पायांचे पैसे मोजायचे आणि कॅमेरा एका पायावर उभा करायचा! ओळख नसलेल्या माणसालाही मी जाऊन सांगतो. बायको अशा वेळी चार पावलं पुढे जाऊन उभी राहते.

कार्बन की ॲल्युमिनियम, यावर भाच्याचा आणि माझा वाद पाचएक मिनिटांत संपला, कारण पैसे त्याचे होते. गित्झो या ट्रायपॉडच्या कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचे पाय बाजारात आणले, तेव्हापासून हलकं आणि भक्कम दोन्ही एकत्र मिळतं, फक्त तिसरी गोष्ट, म्हणजे स्वस्त, त्यात बसत नाही. दीड किलोच्या आसपास चांगला कार्बनचा येतो. तेवढ्याच ताकदीचा ॲल्युमिनियमचा दोनाच्या पुढे जातो, आणि एप्रिलच्या उन्हात त्याला हात लावायचा तर फडकं लागतं.

पायांच्या टोकाला रबरी बूट होते. ते फिरवले की आतून लोखंडी अणी बाहेर येते. दुकानदार ती दाखवत होता आणि मी मात्र आजोळच्या बांधावर जाऊन पोचलो होतो.

आप्पांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या शेताची मोजणी होती. सर्व्हेअर आले ते लाकडी तीन पायांचं घोडं शिपायाच्या खांद्यावर देऊन. शिसवीसारखं काळं पडलेलं लाकूड, पितळी खिट्ट्या, टोकांना लोखंडी टोप्या. प्रत्येक टोपीवर एक पत्र्याचा कान होता. सर्व्हेअरांनी त्यावर बुटाचा पाय दिला, अंगाचा भार टाकला आणि 'खच्च' करून एकेक टोक काळ्या मातीत उतरलं. मग वर फळी, फळीवर कागद, कागदावर दोन्हीकडे चिरा असलेली पितळी पट्टी. खाली ओळंबा सोडलेला. तो शांत होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मला छत्री धरायचं काम मिळालं होतं, कारण पांढऱ्या कागदावर ऊन पडलं की डोळे दिपतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन म्हातारे छत्रीच्या दोन बाजूंना श्वास रोखून उभे. आमचा कुत्रा त्या पायांत घुसायला निघाला, तर दोघेही एकदमच ओरडले. माझ्या आठवणीत त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

मोजणीत कुणाचा बांध कुठे सरकला ते मला कळलं नाही. संध्याकाळी आप्पा जेवले नाहीत, त्यावरून घरातल्यांनी काय ते ओळखलं.

त्या घोड्याचं वजन शिपायाला विचारायला हवं होतं. पण विल्यम लॅम्ब्टनच्या माणसांपुढे त्याचंही काही नाही. १८०२ मध्ये मद्रासेहून त्याने देश मोजायला सुरुवात केली तेव्हा त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, होता अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये, सरफोजी राजांच्या तंजावरात, तो मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. लॅम्ब्टनने तंबूत बसून ते स्वतः ठाकठीक केलं. आम्ही दीड किलो की दोन यावर भांडतो.

तर ओळंबा. तो लटकायचा तिथेच आजच्या ट्रायपॉडला एक आकडा असतो. बऱ्याच जणांना तो कशासाठी आहे हे माहीत नसतं. मी कापडी पिशवी रिकामी नेतो, वर पोचलो की तिच्यात दगड भरतो आणि आकड्याला अडकवतो. पिशवी जमिनीला जेमतेम टेकलेली हवी, नाहीतर वाऱ्यात झोके घेत बसते आणि करायला गेलो एक, असं होतं. सह्याद्रीत दगडांना तोटा नाही, ते घरून कशाला वाहायचे? भाच्याला ही युक्ती सांगितली तेव्हा पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. दुकानदाराने लगेच दगड भरायची खास झोळी काढली, किंमत आठशे रुपये.

काजव्यांसाठी मात्र ट्रायपॉडला पर्याय नाही. मेच्या शेवटी भंडारदऱ्याकडे हिरडा-बेहड्याची झाडं लुकलुकायला लागतात, तेव्हा शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात फोटो काढणाऱ्याला काहीच काम नसतं. बोटसुद्धा लावायचं नाही, टायमर लावून बाजूला व्हायचं. उभं राहून बघण्याची सक्ती मला कॅमेऱ्यापेक्षा या तीन पायांनीच केली.

आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तो आत नेता येत नाही, आधी परवानगी लागते. गळ्यात दोन लाखांचा कॅमेरा असला तरी कुणी हटकत नाही, पण दोन हजारांचे पाय उघडले की शिट्टी वाजते. पाय फुटले की माणूस व्यावसायिक होतो, असा काहीतरी हिशेब असावा.

भाच्याने विचारलं, "कासच्या पठारावर याचे पाय आडवे पसरतील ना? जमिनीलगत?"

पसरतात. दांडा काढून टाकला की कॅमेरा वीतभर उंचीवर येतो. सीतेची आसवं नावाची फुलं त्याच उंचीची असतात, दवबिंदूचं लालसर रोप तर त्याहून बुटकं. जांभ्यावरच्या बोटभर मातीत ही सगळी उगवतात. पण पाय आडवे पसरले की ट्रायपॉड हातभर जागा खातो. शिवाय आपण त्याच्यामागे पालथे, आपल्यामागे रांगेतला पुढचा, त्याचा ट्रायपॉड उघडून तयार. अशी एक जागा मी दुपारी परतताना पाहिली आहे. फुलं होती तिथे चिखल होता, आणि चिखलात तीन-तीन भोकं, सारख्या अंतरावर, नीट रोवलेली.

कासला मी तो आता गाडीतच ठेवतो. वाटेच्या कडेला बसतो, कोपरं गुडघ्यांवर टेकवतो, वारा थांबायची वाट बघतो. तिथला वारा काही थांबत नाही. बरेचसे फोटो हलतात. हलू देत.