नॉमिनी नसलेल्या बापाला जहाज सापडेना

पोरगा मालवाहू जहाजावर. मोबाईलच्या नकाशावर त्याचं जहाज कांडल्याहून निघून अरबी समुद्रात शिरलं आणि बाण जागीच थिजला. बायको देव पाण्यात घालून बसली. मी मुंबईला कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. एका मॅडमनी उचलला.

"तुम्ही नॉमिनी नाही, सर."

बाप आहे म्हटलं. पण फॉर्मवर नाव सूनबाईचं. बरं, तिला फोन करायला लावला. तर म्हणे फोनवर नाही, नोंदवलेल्या ईमेलवरूनच विचारा. तो ईमेल तिच्या कॉलेजच्या काळातला, पासवर्ड विसरलेला, ओटीपी जातोय बंद पडलेल्या सिमवर. ती अमळनेरला, मी भुसावळला, मधे नुसती फोनाफोनी. अख्खी नोकरी मी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये काढली. कुठली मालगाडी कुठल्या स्टेशनात लूपला टाकलीय ते झोपेत सांगितलं असतं. आणि एवढं धूड कुठंय ते सांगायला ह्यांना नॉमिनी हवा!

शेवटी सिम चालू करून घेतलं, मेल गेला, दोन ओळींचं उत्तर आलं: जहाज सुरक्षित, वेळापत्रकाप्रमाणे. सोबत अक्षांश-रेखांश. हेच फोनवर सांगता आलं नसतं?

बाण थांबला म्हणजे जहाज थांबलं असं नसतं, हे पोराने नंतर समजावलं. नकाशावर दिसतो तो एआयएसचा सिग्नल, म्हणजे जहाज आपली जागा आपोआप कळवत राहतं ती यंत्रणा. तो व्हीएचएफ रेडिओवर जातो, किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40 सागरी मैलांपर्यंत मिळतो. पुढे उपग्रह लागतो, फुकटच्या ॲपमध्ये बहुधा तो नसतो. चाच्यांचा धोका असेल तर कॅप्टन एआयएस बंदही ठेवू शकतो. खरी सरकारी नजर एलआरआयटीची, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रॅकिंगची: साधारण दर 6 तासांनी जहाजाचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत ज्या देशाचा झेंडा त्याच्याकडे जातो. आपल्याला ते दिसत नाही.

हो, आणि जहाज नावाने शोधू नका. त्याच नावाचं एक टगही मला सापडलं होतं. 7 आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक, आधीच लिहून घ्या. नाव बदलो, झेंडा बदलो, तो बदलत नाही. तटरक्षक दलाचा 1554 हा समुद्रातल्या खऱ्या संकटासाठी आहे, चौकशीसाठी फिरवू नका.

माझं नाव दुसरा संपर्क म्हणून टाकायचा फॉर्म लगेच भरून पाठवलाय. तो अजून त्याच मॅडमच्या टेबलावर पडून आहे.