गाडी लागली

परवा दुपारी प्रवासाची बॅग झटकली तर कप्प्यातून लिंबू पडलं. सुकून सुपारीएवढं झालेलं. बायको म्हणाली, "टाका ते." मी परत ठेवलं. लिंबाशिवाय मी घराबाहेर पडत नाही. रेल्वेनं जायचं असलं तरी, आणि रेल्वे मला कधीच लागत नाही.

मराठीत भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तशी गाडीही लागते. लहानपणी चाळीसगाव स्टँडवर "कन्नड गाडी लागलीऽऽ" अशी आरोळी आली की मला ती तिथंच लागायची. पुढे औट्रम घाट. डिझेलचा वास, तापलेलं रेक्झिन, कुणाच्या तरी पिशवीत मेथी. आजीनं सदऱ्याच्या आत पोटाला वर्तमानपत्राची घडी लावलेली (का, ते विचारू नये), हातात लिंबू, आणि खिडकीची जागा. खिडकी हा उलटीवाल्याचा हक्क; धाकटा भाऊ त्यासाठी खोट्या ओकाऱ्या काढायचा. मी मान खाली घातली की आजी हनुवटी धरून वर करायची, "खाले नको देखू. तठे डोंगरकडे देख."

ड्रायव्हरला का लागत नाही, असं एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "त्याला पगार मिळतो."

समुद्र आम्हा खानदेशी माणसांच्या वाट्याला नाही. तापी जाते तिकडे, आम्ही नाही. चाळिशीत गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो, तर अर्ध्या वाटेत तोच घाट सुरू झाला. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यातलं पाणी हललं की कान म्हणतो, हलतोय. डोळ्यांना समोरचं बाकडं जागच्या जागी दिसतं. भांडण त्यांचं, भुर्दंड पोटाला. बीगल जहाजावर १८३१ ते १८३६ फिरलेल्या डार्विनचीही बोट लागण्यातून सुटका झाली नाही म्हणे, मग आपण कोण! खलाशी म्हणाला, "मोबाईल ठेवा, मधे येऊन बसा, लांब बघा." समोर अलिबागकडचे डोंगर धुरकट दिसत होते. बघत राहिलो. आजीनं समुद्र कधी पाहिला नव्हता.

गेल्या दिवाळीत त्याच घाटातून स्वतः गाडी चालवली. काही झालं नाही. स्टिअरिंग हातात असलं की वळण येण्याआधी अंगाला कळतं. मागे मुलगी मात्र पांढरीफटक. गाडी बाजूला घेतली, लिंबू दिलं.

"तुम्हाला कसं नाही लागत, पप्पा?"

अण्णांचं उत्तर तोंडावर आलं होतं. पण मला कुठं पगार मिळत होता?