कराचीची पाटी

नौपाड्यातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात मेडल्स येतात ती बहुतेक दिवसकार्य उरकल्यावर. प्लास्टिकच्या पिशवीत, रिबिनी चुरगळलेल्या, आणि वर्षश्राद्धाच्या आत हवंय ही घाई. गेल्या महिन्यात वर्तकनगरचं एक काम आलं. वडील नौदलातून निवृत्त. मुलीने काउंटरवर पाच मेडल्स, टोपीची काळी पट्टी, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि पितळी पाटी ठेवली. पाटी आधीच कोरून आणलेली: नाव, नंबर, खाली ‘कराची हल्ल्यातील वीर, १९७१’.

भावाने सोबत ब्रासो, पितळ घासायचं पॉलिश, आणलं होतं. ते आधी पिशवीत परत ठेवायला लावलं. गोल मेडल्सच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत असतं. चार वेळा घासलं की कड गुळगुळीत, मग ते मेडल कुणाचंही. मऊ सुती कापडाने कोरडं पुसायचं, बस्स. रिबिनीला फेव्हिकॉल फासणाऱ्या कारागिरांबद्दल तर बोलायलाच नको. रिबीन कडक होते, डाग पिवळा पडतो आणि पुढच्या माणसाला ती सोडवता येत नाही. रिबीन शिवायची. माउंटबोर्डाला टोच्याने भोकं पाडून सुती दोऱ्याने वर दोन टाके, कडीपाशी एक सैल टाका. काच मेडलला टेकता कामा नये, म्हणून पेटी दीड इंच खोल आणि काचेखाली चारी बाजूंनी पट्टी. आत उघडं एमडीएफ नको, त्यातून आम्ल सुटतं. लोकरीचं फेल्टही नको, त्यातल्या गंधकाने धातू काळवंडतो. मागची फळी मी खिळ्यांनी नाही, स्क्रूने बसवतो. ठाण्याच्या पावसात कधीतरी उघडावी लागतेच.

मग क्रम. मेडल्स डाव्या छातीवर लावतात आणि सर्वांत मानाचं छातीच्या मध्याकडे येतं. म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडून सुरुवात. निम्म्या घरांत ते उलटं टांगलेलं असतं. इथे आधी ताऱ्याच्या आकाराचं मेडल, मग संग्राम मेडल, मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, २० वर्षं सेवेचं आणि शेवटी ९ वर्षांचं.

आणि तारा हातात घेतल्यावर मी अडलो. तो ‘पूर्वी स्टार’ होता, म्हणजे पूर्व आघाडीचा. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवरच्यांना ‘पश्चिमी स्टार’ मिळाला, पूर्वेकडच्यांना ‘पूर्वी स्टार’. कराची पश्चिमेला.

डबा उघडला. आत मनिऑर्डरच्या पोचपावत्या, वर्षावर्षाच्या गड्ड्या करून सुतळीने बांधलेल्या. पैसे पोचले की घेणाऱ्याच्या सहीचा हा तुकडा पाठवणाऱ्याकडे परत जायचा. सुरुवातीच्या पावत्यांवर आईचा अंगठा, लग्नानंतर बायकोची सही. आधी जपून काढलेली अक्षरं, दोनेक वर्षांत सराईत. १९७४ ला क्वार्टर मिळाली तेव्हा पावत्या थांबल्या. त्याआधीचा एक महिना चुकलेला नाही, मी मोजलं. डिसेंबर ७१ ची पावती होती. गावच्या पोस्टाचा शिक्का ६ तारखेचा, मागे परतीचा पत्ता: आयएनएस विक्रांत, द्वारा फ्लीट मेल ऑफिस.

मग उलगडलं. ४ डिसेंबरला विक्रांतच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. त्याच रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची गाठली. नौदल दिन त्याच तारखेचा, आणि सोसायटीतल्या भाषणांत फक्त कराची. एका बॉयलरला तडा गेलेला असताना विक्रांत ते युद्ध लढली. हे गृहस्थ बॉयलर रूममधले. शाल-श्रीफळ देणाऱ्यांना बॉयलरचं काय कौतुक!

मुलीला फोन केला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “काका, पाटी तर झालीये. कुणाला कळणारे?” खरं आहे, कुणालाच नाही. ते स्वतः ‘कराची’ कधी म्हणाले होते का, एवढंच मी विचारलं. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. आजी म्हणाल्या, “लोक म्हणायचे. हे हसून चहा घ्यायचे.”

पाटी बदलली. नाव, नंबर, ‘आयएनएस विक्रांत, १९७१’. पैसे मी घेतले नाहीत, पितळ माझ्याकडे पडून होतंच. पण हे मी पाटी परत द्यायच्या दिवशी बोलायला हवं होतं की मेडल्स काउंटरवर आली तेव्हाच, ते अजून ठरत नाही. आणि बोलायचा मला हक्क होता का, तेही.

पावतीवरून मात्र दोघींचं जुळेना. मुलीला पत्त्याची बाजू दिसायला हवी होती, पुरावा म्हणून. आजींना सहीची. मूळ पावती कॉपिंग पेन्सिलची, ओल लागली तर जांभळी फुटते. म्हणून ती पारदर्शक कोपऱ्यांत अडकवली, गोंद नाही. सहीची बाजू समोर. पत्त्याचा स्कॅन फळीच्या मागे चिकटवला, भिंतीकडे तोंड करून.